वरचा एक

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, दुपारचे सव्वादोन. रक्कम रुपये दोन हजार चारशे, आठशेचा एक असे तीन वाटे. हजर: मी आणि शेठ. गैरहजर: अवसरी बुद्रुकच्या ताई, त्यांचे आठशे मात्र सकाळीच माझ्या खात्यावर जमा झाले होते. जागा: नारायणगावच्या पेठेतलं शेठचं कापडदुकान, गल्ल्याशेजारचा संगणक.

मी विषयाला हात घालणार, तोच शेठनी तळवा वर केला.

"थांबा भाऊ. सूर्य कुठं आलाय?"

बाहेर रणरणतं ऊन होतं. शेठ विचारत होते तो सूर्य पडद्यावरचा. चौकोनी ठोकळ्यांच्या त्या खेळात दिवस दहा मिनिटांचा असतो, रात्रही तेवढीच. शेठ जैन. सूर्य मावळल्यावर अन्नपाणी वर्ज्य, हा नेम त्यांनी पन्नास वर्षं पाळला होता आणि साठाव्या वर्षी खेळ शिकल्यावर तो खेळातही लागू केला. त्यांचा तो चौकोनी माणूस खाणीतून धापा टाकत वर यायचा, मान वर करून आकाश बघायचा आणि सूर्य टेकण्याआधी घाईघाईनं पाव खायचा. दुकानात गिऱ्हाईक नसायचं ते दोन ते चार. मी हिशेब केला होता, तेवढ्या वेळात सूर्य सहा वेळा मावळतो.

"खरा नेम एक आन् खोटे सहा," शेठच्या पत्नी, म्हणजे काकी, आतल्या दारातून म्हणायच्या. "पुण्य कुठल्या वहीत मांडायचं?"

"दोन्हीकडं मांड," शेठ नजर न हलवता म्हणायचे.

खेळात बटाटा, गाजर, बीट सगळं उगवतं. शेठनी त्यातलं काही उपटलं नाही. कोंबडी, गाय, मेंढी समोरून गेली तर वाट सोडून उभे राहायचे. एकदा भोपळ्याची गोड पोळी समजून त्यांनी एक पदार्थ खाल्ला आणि त्यात अंडं पडतं हे त्यांना मी नंतर सांगितलं. मी सांगायला नको होतं. त्यांनी खेळातला एक अख्खा दिवस-रात्र उपास धरला. वीस मिनिटं. पण त्या वीस मिनिटांत चेहरा असा केला होता, की आलेल्या गिऱ्हाइकानं घरात कोणी आजारी आहे का म्हणून विचारलं.

मी वारूळवाडीचा, दूध डेअरीत हिशेबनीस. संगणकाची आवड म्हणून मी हे खेळाचं जाळं उभं केलं. महिना चोवीसशे भाड्याच्या यंत्रावर तीन वेगवेगळी जगं, म्हणजे तीन सर्व्हर, आणि तिन्हींना एकच दार. एका जगाचं नाव गड, तिथं मारामाऱ्या चालतात, ते माझ्याकडं. दुसरं पेठ, ते शेठकडं. तिथं त्यांनी मोठं पांजरपोळ बांधलं होतं आणि वाटेत सापडेल त्या जनावराला तिथं आणून ठेवत होते. तिसरं मळा. त्याचा कारभार अवसरीच्या ताईंकडं. ताईंचं प्रत्यक्षातही कोंबड्यांचं शेड आहे, दहा हजार पक्ष्यांचं. शेडमधल्या कामातून बसायला मिळालं की त्या मोबाइलवर मळा चालवायच्या.

शेठचं वैशिष्ट्य तुम्ही एकदा जरी त्यांच्याकडून कापड घेतलं असेल तर तुम्हाला माहीत असेल. मीटर लावून कापड मोजायचं, खूण करायची, आणि कात्री त्या खुणेच्या बोटभर पुढं लावायची. "वर बोटभर," असं म्हणूनच ते कापायचे. भाड्याचा वाटा आठशे, तर शेठ देणार आठशे एक. मी म्हणायचो, "शेठ, हिशेब चोवीसशेचा आहे, चोवीसशे एकचा नाही." मी तो रुपया परत करायचो, ते घ्यायचे नाहीत. शेवटी मी एक डबी केली आणि तीवर कागद चिकटवला: शेठ, जादा. माझ्या बायकोनं तो वाचला आणि म्हणाली, "माणूस जादा का रुपया जादा, नीट लिहा."

तर त्या प्रतिपदेला आम्ही बसलो होतो ते एका भांडणावर. भांडण दिवाळीनंतरचं. शेठ पाहुणे म्हणून मळ्यात गेले होते. ताई तेव्हा खेळात नव्हत्या. शेठना तिथं ताईंची कोंबड्यांची खोली दिसली: दोनशे बारा कोंबड्या, आणि खाली एक कळ बसवलेली, की पिल्लू मोठं झालं की आपोआप मरून, भाजून पेटीत पडावं. ताईंनी ती कळ स्वतः डोकं लावून बनवली होती. शेठनी ती बघितली, सूर्य कुठं आलाय तेही बघितलं नाही, आणि फाटक उघडलं.

दोनशे बारा कोंबड्या बाहेर पडल्या. पाच मिनिटांत रात्र झाली आणि कोल्हे आले.

चौदा वाचल्या. ताईंनी दुसऱ्या दिवशी मोजल्या आणि शेठना मळ्याची कायमची बंदी घातली. शेठचा फोन त्यांना लागेना. ताई पंधरा वर्षं त्यांच्या दुकानातून कापड नेत होत्या, त्याही यायच्या थांबल्या. शेठ एकदा एसटीनं अवसरीला जाऊन आले. ताईंच्या सासूनं चहा पुढं केला. ताई शेडमधून बाहेर आल्या नाहीत.

"ताईंचा राग मला कळतो," शेठ म्हणाले. "पण त्याच्याहून वाईट काय झालं माहीतंय का भाऊ? ताई त्या एक एक करून मारणार व्हत्या. म्या एका रात्रीत एकशे अठ्ठ्याण्णव मारल्या. दया करायला गेलो."

"शेठ, त्या खोट्या कोंबड्या आहेत."

"मग माझा नेमबी खोटा. तसं म्हणा."



आता तुम्हाला त्यांची अडचण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भाद्रपदात जैनांची संवत्सरी येते. त्या दिवशी वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येकाची माफी मागायची, 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायचं. शेठचं मानणं असं होतं, की मनातली गाठ संवत्सरीच्या आत सुटली तर सुटली. ती ओलांडून पुढच्या वर्षात गेली तर माणसाला जन्माची चिकटते. दिवाळीनंतरची गाठ, आणि संवत्सरीला उरले होते तीन दिवस.

"चिठ्ठी पाठवा," मी म्हणालो.

"गुन्हा जिथं केला तिथंच माफी मागायची. चारचौघांत फाटक उघडलं, आन् माफी पाकिटात घालून व्हय?"

पण मळ्यात त्यांना बंदी. आणि एका जगातलं बोलणं दुसऱ्या जगात ऐकू जात नाही. गडावरचा माणूस कितीही ओरडला तरी पेठेत आवाज नाही. शेठना पाहिजे होतं ते असं: आपण आपल्या पेठेत उभं राहून बोलायचं, ते तिन्हीकडं उमटलं पाहिजे. शरीरानं जायचं नाही, शब्दानं जायचं. म्हणजे बंदीही मोडत नाही.

मला हे पटलं, तरी मी ताईंना आधी मेसेज केला: तिन्ही जगांत मिळून एक सामाईक बोलण्याची जागा करतोय, सगळे बोलतील, हरकत आहे का? शेठही बोलतील, हे वेगळ्या ओळीत लिहिलं. लपवाछपवी नको. उत्तर आलं: "बोलूद्या. ऐकायचं का न्हाई ते माझं म्या बघीन."

मग आम्ही बसलो. तीन वाहिन्या केल्या. चावडी, म्हणजे जे बोलाल ते तिन्ही जगांत. बाजार, फक्त देवाणघेवाणीपुरती. आणि मदत. चावडीवर कोणी धिंगाणा घालू नये म्हणून मी मर्यादा घातली: सेकंदाला एकच ओळ जाईल, बाकीच्या रांगेत थांबतील. प्रत्येक वाहिनीला रंग द्यायचा होता. हिरवा मी निवडला, तर शेठनी पडदा खिडकीकडं वळवून उजेडात बघितला. "हा न्हाई टिकायचा. पहिल्या धुण्यात जाईल." पाऊण तास रंगावर गेला. शेवटी जांभळा ठरला, कारण "पिकोला जांभळा धागा कधीबी मिळतोय."

चावडी सुरू झाली. शेठनी एका बोटानं लिहिलं: ऐकू येतंय का? गडावरून आळेफाट्याचा गॅरेजवाला उत्तरला: "शेठ! तुमचा आवाज इतका बारीक आसंल वाटलं नव्हतं." मळ्यातून पाच-सहा जण बोलले. ताई होत्या, यादीत नाव दिसत होतं. त्या बोलल्या नाहीत.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण शेठना आणखी एक गोष्ट सुचली.

"संवत्सरीला संध्याकाळी म्या आमच्या धर्मस्थानकात असणार. प्रतिक्रमणाला तीन तास तरी. फोन घरी. त्या टायमाला कुणी मला मिच्छामि दुक्कडं घातलं तर?"

"नंतर उत्तर द्या."

"तसं चालत न्हाई. समोरच्यानं हात जोडले की आपले जोडलेले पायजेत. तो काय तीन तास हात जोडून उभा राहणार का?"

म्हणून मी त्यांच्या नावानं एक आपोआप उत्तर बसवलं. चावडीवर कोणीही 'मिच्छामि दुक्कडं' म्हटलं, की शेठच्या नावानं उलट 'मिच्छामि दुक्कडं' जाईल. पेठेत एक बसवलं, गडावर एक. मळ्यात त्यांना बंदी, म्हणून तिथं नाही. मी सरळ मनानं केलं. दोनदा तपासलं. तपासताना स्वतः लिहिलं 'मिच्छामि'. पुढचा शब्द लिहिला नाही. विनाकारण कोणाची माफी कशाला मागायची, असं वाटलं.

त्या वर्षी संवत्सरी आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी आल्या होत्या. संध्याकाळी आमच्याकडं आरतीला शेजारचे सतरा जण. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. शेठ स्थानकात. सहा बावन्नला आळेफाट्याच्या गॅरेजवाल्यानं गाडीखालून बाहेर येऊन, हात पुसून, भल्या मनानं चावडीवर लिहिलं: "शेठ, मिच्छामि दुक्कडं."

गडावरच्या शेठनं लगेच उत्तर दिलं: मिच्छामि दुक्कडं. ते चावडीवरून पेठेत गेलं. पेठेतल्या शेठला वाटलं, कोणीतरी आपली माफी मागतंय. त्यानं हात जोडले. ते गडावर गेलं. गडावरच्या शेठला वाटलं, कोणीतरी आपली माफी मागतंय.

शेठनं शेठची माफी मागू नये, एवढी एक ओळ लिहायची माझ्याकडून राहिली होती.

आठ दहाला बायको फोन हातात घेऊन आली. "हा तापलाय. कुणीतरी लईच कळवळून माफी मागतंय." मी प्रसादाचं ताट खाली ठेवलं आणि दोन्ही आपोआप उत्तरं बंद केली. सहा बावन्न ते आठ दहा, अठ्ठ्याहत्तर मिनिटं, सेकंदाला एक, म्हणजे चार हजार सहाशे ऐंशी व्हायला पाहिजेत. नोंदीत चार हजार सहाशे एकाहत्तर निघाले. नऊ कुठं गेले ते मला आजतागायत सापडलेलं नाही.

तेवढ्यात ताईंचा फोन. दहा महिन्यांत पहिला.

"भाऊ, आवो काय चाललंय शेठचं? सात वाजल्यापून माफी मागत्यात. जेवले का न्हाई काय म्हाईत. म्या पक्ष्यांना पाणी लावायला गेले, परत आले, तरी चालूच. आता बास म्हणावं. झालं गेलं सोडलं म्हणावं. माणूस मरंल आशानं."

खरं सांगायला अर्धं वाक्य पुरलं असतं. ते अर्धं वाक्य मी गिळलं, आणि हिशेबाच्या कामात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला ते किती जड जातं ते तुम्ही समजून घ्या. "सांगतो," एवढंच म्हणालो.

सव्वानऊला स्थानकाच्या बाहेर मी शेठना गाठलं. मला वाटलं, खूश होतील. सगळं ऐकून ते पायरीवर बसले. पुढं काय म्हणाले ते तुम्हीही ओळखलं असेल.

"ती माफी माझी न्हाई, भाऊ. म्या तर अजून मागितलीच नाय."

"पण ताईंनी सोडलं ना."

"कुणाला? तुमच्या मशीनला सोडलं. आता तर एक गुन्हा वाढला. फसवून माफी घेतली."

दुकानात येऊन त्यांनी संगणक लावला. मी शेजारी. काकी दारात. एका बोटानं, अक्षर शोधत, त्यांनी चावडीवर लिहिलं: "ताई, आधीचे सगळे मशीननं घातले. म्या स्थानकात व्हतो. तुमी मशीनला माफ केलं ते परत घ्या. हा एक माझा हाय. तुमच्या कोंबड्या माझ्यामुळं गेल्या. मिच्छामि दुक्कडं."

तिन्ही जगांत मिळून तेव्हा सव्वीस जण होते. कोणी काही लिहीना. काकी म्हणाल्या, "मिळालेलं हातानं घालवलं." शेठ पडद्याकडं बघत होते. मी त्यांच्याकडं बघत होतो.

मग ताईंची ओळ उमटली.

"आसं हाय व्हय! म्हंजे म्या दीड तास मशीनसाठी हळहळले? शेठ, एकशे अठ्ठ्याण्णव गेल्या. एका माफीत भागत न्हाई. कोंबडीमागं एक. सगळ्या हातानं लिवा. मशीन लावलं तर मला कळंल, तुमच्या लिवण्यात चुका आसत्यात."

गॅरेजवाला: "ताई, लई झालं हे."

ताई: "तुमी मधी बोलू नगा, तुमीच काडी लावली."

शेठनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर असं काही होतं, जणू गिऱ्हाइकानं घासाघीस न करता रास्त भाव सांगितला. "बरोबर हाय," म्हणाले. "हिशोब बरोबर हाय." काकींनी संगणक बंद केला आणि सकाळी बघू म्हणाल्या.

सकाळी ऋषिपंचमी. संवत्सरीचा उपास सोडायचा म्हणजे पारणं. काकी मुगाच्या पाण्याची वाटी घेऊन गल्ल्यापाशी उभ्या, आणि शेठ एका बोटानं 'मिच्छामि दुक्कडं' लिहीत बसलेले. संपल्याशिवाय घोट घेणार नाही म्हणाले. एकाला वीस सेकंद. मी वहीत उभ्या रेघा मारत होतो, पाचवी आडवी. ताई म्हणाल्या होत्या ते खरं होतं, चुका होत होत्या. एकदा 'दुक्कडं'च्या जागी 'तुकडं' गेलं. आपल्या धंद्यातला शब्द बोटाला आधी सापडला असावा.

चाळिसाव्याला ताईंची ओळ आली: "बास शेठ. गंमत केली."

शेठ थांबले नाहीत.

नव्वदाव्याला: "शेठ, बास. आवो पाणी प्या."

एकशे चाळिसाव्याला ताईंनी मला फोन केला. आवाज बदललेला. "भाऊ, काढून घ्या त्यांच्याकडून ते. म्या लई वाईट बोलले. सासूबाई माझ्यावर वरडत्यात."

मी शेठच्या कानाशी फोन धरला. ते ऐकत राहिले, लिहीत राहिले. "ताई, मधी सोडलं तर कुठल्या कोंबड्या राहिल्या त्या कशा वळकायच्या?"

एकशे अठ्ठ्याण्णव झाले. मी शेवटची रेघ ओढून म्हणालो, "झाले शेठ."

शेठनी बोट वर धरलं. मला वाटलं, दुखलं. त्यांनी आणखी एक लिहिला.

"वर एक," म्हणाले, आणि वाटीला हात घातला.

पंधरा मिनिटांनी मळ्यावरची बंदी उठली. दुपारी ताई, म्हणजे त्यांचा तो चौकोनी चेहरा, पहिल्यांदाच पेठेत आल्या. मागं चौदा कोंबड्या, हातात दाणे. त्यांनी त्या पांजरपोळात सोडल्या आणि फाटक स्वतः लावून घेतलं. कळ मोडली का, असं शेठनी विचारलं नाही. ताईंनी सांगितलंही नाही. शनिवारी मात्र त्या दुकानात आल्या आणि सासूसाठी दोन खण नेले. वर बोटभर.

यंदा होळीच्या आधीच्या आठवड्यात शेठ गेले. दुपारी, दुकानात, दोन ते चारच्या मधे. काकी धाकट्या मुलाकडं गेल्या, दुकानाला कुलूप आहे. मी महिनाअखेर वही काढली. वाटे आता दोनच. बाराशे-बाराशे. नाहीतर पेठ बंद करून भाडं कमी करून घ्यायचं. दोन्ही पर्याय मी ताईंना लिहून पाठवले, आकड्यांसहित. उत्तर आलं नाही.

मग एकदा पेठेत डोकावलो, जग मोडण्याआधी यादी करावी म्हणून. पांजरपोळात ताई होत्या. कोंबड्यांना दाणे टाकून झाले, तशी त्यांच्या माणसानं मान वर केली, आकाश बघितलं आणि पाव खाऊन घेतला. सूर्य टेकायला अर्धं मिनिट होतं. मी बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी रक्कम जमा झाली. अवसरीच्या ताईंकडून, माझ्या खात्यावर: त्यांच्या वाट्याचे आठशे, शेठच्या वाट्याचे आठशे, एकूण रुपये एक हजार सहाशे एक. तो रुपया मी परत केला नाही.